एव्हर्टनच्या कोटातले खांदे

दर रविवारी आमच्या साउथहॅम्प्टनच्या घरात, खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत एव्हर्टन बसतो आणि माझी बायको सुप्रभा दुपारभर त्याच्याकडे टक लावून पाहते. लग्नाला तीस वर्षं झाली, पण माझं साधं पेन्सिलचं चित्रसुद्धा तिनं कधी काढलं नाही. मी जळतो, त्यात लपवायचं काय?

ती काढतेय ते त्याचं चित्र एका जुन्या हवेलीत लागणार आहे. हवेलीवाल्यांचे जमैकात उसाचे मळे होते आणि एव्हर्टनचे पूर्वज तिथे गुलाम. आता तिथे त्या गुलामांच्या वंशजांची मोठाली पोर्ट्रेट्स लावायची आहेत. कामाचं मोल मला कळतं. पण हा एव्हर्टन क्रूझवर सॅक्सोफोन वाजवायचा, सत्तरीतही ताठ आहे आणि सुप्रभाच्या पोह्यांना ‘डिव्हाइन’ म्हणतो. मी ‘मीठ कमी’ म्हणतो.

त्याच्या कोटाचं कापडही तिनंच डिझाइन केलं. त्याच्या आजीच्या परसात नीरफणस होता म्हणे, म्हणून कापडभर त्याची पानं. मला वाढदिवसाला सेलमधले मोजे मिळाले.

मागच्या आठवड्यात एव्हर्टनचा गुडघा धरला. चेहरा रंगवून झाला होता, कोट राहिला होता.

“अहो, तुम्ही जरा हा कोट घालून बसता का? डेडलाइन आहे हो.”

मी आढेवेढे घेतले आणि गुपचूप दाढी करून आलो.

“चेहरा नकोय मला,” ती म्हणाली. तरी दोन-तीन दुपारी ती माझ्या खांद्यांकडे मान तिरकी करून पाहत होती. मनात उकळ्या फुटत होत्या, पण मी भूलतज्ज्ञ माणूस, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

आज एव्हर्टन काठी टेकत आला. चित्राजवळ जाऊन त्यानं कोट न्याहाळला.

“हे खांदे कुणाचे?” त्यानं विचारलं.

सुप्रभानं खरं सांगितलं.

“त्या हवेलीत एक जुनं चित्र आहे,” तो शांतपणे म्हणाला. “लॉर्डच्या मागे ट्रे धरलेला एक काळा माणूस. तो कोण, कुणालाच माहीत नाही. त्या चित्रकाराला कुणीही चाललं असतं. माझ्या चित्रात नाही चालणार. मी बसतो, दुखलं तरी.”

बोलला ते बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला.

“पुसते हं,” सुप्रभा मला म्हणाली. रंग अजून ओला होता. टर्पेंटाइनच्या फडक्यानं तिनं आधी डावा खांदा पुसला, मग उजवा. त्या दुपारी मला वाटत होतं, ती माझ्याकडे पाहतेय. तिलाही कुणीही चाललं असतं.

“मग माझं कधी काढणार आहेस?” एव्हर्टनच्या देखतच मी विचारलं. आवाज चढलाच.

फडकं हातात तसंच धरून ती वळली.

“तुम्ही कधी म्हणालात का, बसतो म्हणून?”