बंद पडणारं भजन

दारात चपलांचा ढीग, ओट्यावर बाया, खिडकीच्या गजांना नाक लावून उभे असलेले लोक आणि बैठकीत गादीवर मांडी घालून बसलेले मार्तंडबाबा. नागपूरला टाकळीत उत्तराबाईंच्या घरी एवढी गर्दी मुलाच्या लग्नातही झाली नव्हती. सगळ्यांच्या नजरा देवघराशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्याच्या डब्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, झेंडूचा हार घातलेला आणि हारावरून बाबांनी आपली जाड भगवी शाल पांघरलेली.

पडद्यावर उत्तराबाईंचे यजमान चंद्रभानजी पेटीवर भजन म्हणत होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

बाबांनी डोळे मिटले. "आता पाहा. जीव कासावीस होऊन राहिला त्याचा. अभी रुकेगा. देखते रहना."

चित्र अडखळलं. चंद्रभानजींचं तोंड उघडंच राहिलं, आवाज घोगरा होऊन तुटला आणि व्हिडिओचा प्लेअर आपोआप बंद पडला.

"अवं माय!" शेजारच्या पार्वतीबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "बाबा बोलले अन् झालं!"

पंधरा-वीस मोबाईल उंच झाले. बाबांनी चेहरा नेमका त्यांच्याकडे वळवला. कोपऱ्यात उभ्या उत्तराबाईंचे डोळे भरून आले. गेलेला माणूस पुन्हा पुन्हा त्याच कडव्यात गुदमरतो आहे, हे कोणत्या बायकोला बघवेल?

उत्तराबाईंचा नेम साधा होता. पहाटे आंघोळ, देवापुढे दिवा, धूप, मग चंद्रभानजींचं भजन. ते संपल्याशिवाय तोंडात पाणीही नाही. त्यांच्या आवाजाची तेवढी एकच आठवण उरली होती. शेवटच्या दिवाळीत मुलानं केलेलं ते चित्रण. पण आषाढापासून प्लेअर मध्येच बंद पडू लागला. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मशीन जुनी झाली, मी आल्यावर पाहतो." तो येण्याआधी पार्वतीबाईंनी बाबांना आणलं.

बाबांनी डब्यावर कान ठेवला आणि मान हलवली. "माई, मामला सॉफ्टवेअर का नहीं, सूक्ष्मवेअर का है! तुमच्या यजमानांचा आत्मा यात अटकून राहिला."

इलाज तयारच होता. भस्माची पुडी. रोज धूप दाखवून तीन चिमटी भस्म डब्याच्या जाळीतून आत फुंकायचं. चित्रणाची दुसरी प्रत मुळीच करायची नाही, "आत्मा दोन जागी फाटते, माई." उत्तराबाईंनी एक दिवस चुकवला नाही. व्रतच ते. प्लेअर आधी सातव्या कडव्याला बंद पडायचा, मग पाचव्या, मग तिसऱ्या. त्यांनी घाबरून सांगितलं तेव्हा बाबा प्रसन्न झाले. "म्हणजे दवा लागू पडून राहिली. आत्मा जागा झाला. भस्म दुप्पट करा."

आणि आज त्यांनी निकाल दिला. "रविवारी कन्हान नदीच्या पात्रात या यंत्राचं विसर्जन. मुक्तिसोहळा! मोबाईलवर साऱ्या दुनियेले दाखवू."

गर्दीनं जयजयकार केला. उत्तराबाईंसाठी विसर्जन म्हणजे तो आवाजही गेला. पण नवऱ्याच्या मुक्तीपेक्षा आपला मोह मोठा कसा म्हणायचा?

दुपारी धम्मानंद आले. कोराडीच्या वीज केंद्रात चंद्रभानजींसोबत तीस वर्षं नोकरी केलेले. सारं ऐकून म्हणाले, "वहिनी, मले एक सांगा. चंद्रभान जिवंतपणी कधी भजन अर्धं टाकून उठला का?"

"नाही जी."

"मग मेल्यावरच काहून टाकते?"

"भाऊ, तुम्ही देव मानत नाही. तुमाले नाही समजणार."

"मी देवाबद्दल बोलूनच नाही राहिलो. मी मशीनबद्दल बोलून राहिलो." त्यांनी खुर्ची ओढली. "भजन नको. दुसरं काही लावू. क्रिकेट लावतो."

मुलानं कधीतरी साठवलेला एक जुना सामना सापडला. धम्मानंदांनी डब्यावर घरातली चादर टाकली, बाबांनी शाल पांघरली होती तशीच. सामना सुरू झाला. चार षटकं झाली नाहीत तोच चित्र अडखळलं, आवाज घोगरा झाला आणि प्लेअर बंद.

धम्मानंद गंभीरपणे म्हणाले, "अरेरे. याच्यात कोणाचा आत्मा अटकला म्हणावं? पंचाचा?"

उत्तराबाईंना हसू आलं नाही. त्या डब्याकडे टक लावून बघत होत्या.

"हात लावून पाहा, वहिनी. मागच्या बाजूनं."

डबा तव्यासारखा तापला होता.

धम्मानंदांनी वायर काढली, डबा गार होऊ दिला आणि बाजूचं झाकण उघडलं. आत पंखा होता, म्हणजे असावा. पाती दिसतच नव्हती. धुपाच्या तेलकट काजळीत भस्म बसून त्याचा राखाडी चिखल झाला होता, अक्षतांचे दाणे त्यात रुतलेले, झेंडूची एक कुजकी पाकळी दांडीला गुंडाळलेली. कुबट वास आला. उत्तराबाईंनी पदर नाकाला लावला.

"मशीन चालली की तापते. पंखा तिले गार ठेवते. व्हिडिओ लावला की काम वाढते, अजून तापते. पंखाच नाही फिरला तर ती जीव वाचवायले काम सोडते. आधी चित्र अडकते, मग प्लेअर बंद. धुपानं सुरुवात झाली, भस्मानं पुरी केली. अन् वरून शाल पांघरली की तीन कडव्यांत खेळ खलास. इतक्या दिवसांत बाबाले घड्याळ पाठ झालं. म्हणून तो आधीच सांगते, आता थांबन."

"म्हणजे मी रोज..." उत्तराबाईंनी देवघरातली भस्माची पुडी उचलली. "मीच माझ्या तोंडानं फुंकत होते."

"तुम्हाले फुंकायले लावलं त्यानं."

ब्रशनं, ओल्या फडक्यानं, कापसाच्या काडीनं त्यांनी दोघांनी मिळून तो चिखल खरवडला. नंतर भजन लावलं. तिसरं कडवं गेलं. पाचवं, सातवं, अकरावं. चंद्रभानजींनी शेवटची तान घेतली आणि पेटीचा भाता मिटला. उत्तराबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "भाऊ, याच्या दोन प्रती करून द्या. आत्ताच."

रविवारी बाबा ढोलताशा घेऊन आले. मागे निम्मी टाकळी. उत्तराबाईंनी कॉम्प्युटर ओट्यावर मांडला होता, हार न घालता. त्यांनी भजन लावलं आणि ते शेवटपर्यंत वाजलं.

बाबा क्षणभर चपापले, पण लगेच हात वर केले. "देखा! विसर्जनाच्या आधीच मुक्ती! बोला..."

"थांबा," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून सगळे गप्प झाले. "बाबाजी, मुक्ती झाली ना? मग आता तुमची शाल यावर टाका."

"माई, शाल अशी..."

"काहून? आत्मा तर गेला."

बाबांनी शाल छातीशी धरली. उत्तराबाईंनी घरातून दोन गोधड्या आणल्या, डब्याला मागूनपुढून गच्च गुंडाळल्या आणि क्रिकेटचा सामना लावला. लोक वाट पाहत राहिले. साफ केल्यामुळे या वेळी उशीर लागला. ढोलवाल्यानं दोन बिड्या संपवल्या. शेवटी चित्र अडखळलं आणि प्लेअर बंद पडला. त्यांनी गोधड्या काढल्या, डबा निवू दिला, सामना पुन्हा लावला. तो खुशाल चालू राहिला. मग त्यांनी पेपरवर जमवलेला तो राखाडी चिखल सगळ्यांपुढे धरला. "हे बाबाचं भस्म. हे पंख्यात गेलं अन् पंखा बंद पडला. आत्मा-बित्मा काही नव्हता."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अन् आम्ही व्हिडिओ काढून राहिलो होतो!" हशा पिकला. बाबा म्हणाले, "नास्तिक लोगों के बीच शक्ति नहीं रहती," आणि गाडीकडे वळले.

"नास्तिक मी?" उत्तराबाई ओट्यावरून खाली उतरल्या. "पन्नास वर्षांत माझी एक एकादशी चुकली नाही. देवाचं नाव घेऊन तुम्ही माझ्या नवऱ्याचा आवाज नदीत टाकायले निघाले होते. माझ्याच हातानं! तुमची मले किळस येते. जा."

गाडी धूळ उडवत गेली. पार्वतीबाई ओशाळून जवळ आल्या. "मीच आणलं होतं वं त्याले. मग आता कोणावर इस्वास ठेवायचाच नाही का?"

उत्तराबाईंनी त्यांचा हात धरला. "ठेवायचा वं. पण पाया पडायच्या आधी विचारायचं. हे कसं होते? दुसऱ्या मशीनवरही होते का? भजन काढून दुसरं लावलं तरी होते का? विचारल्यानं देव रागावत नाही. रागावते तो ज्याची चोरी पकडली जाते. मी हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर इतके दिवस त्यांच्या नावानं रडत बसली नसती. तुम्ही सगळे विचारा, बाप्पा. घरात कोणी आजारी पडलं, काही हरवलं, काही बंद पडलं, तर आधी विचारा."