चौदा नंबरची खोली

जाहिरात सुनंदानेच पाहिली. वसईतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलला निवासी सहायिका हवी होती. वय चाळीस ते पंचावन्न, मुलींसोबत हॉस्टेलमध्येच राहायची तयारी. तिने पेपर नवऱ्यापुढे सरकवला आणि त्या चार ओळींवर बोट ठेवलं.

आत्मारामांनी वाचलं आणि चष्मा काढला. "तू तिथे कुणाला शोधायला चाललीस?"

"कुणाला नाही. काम हवंय मला."

"काम शाळेतही आहे. लायब्ररीत परत या म्हणून दोनदा निरोप आला तुला."

"मला हेच हवंय," सुनंदा म्हणाली.

आत्माराम पुढे काही बोलले नाहीत. त्या दोघांच्या विरारच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं असंच चाललं होतं. एक जण बोलायचं थांबलं की दुसरं विचारत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी शलाका पुण्यात हॉस्टेलवर होती. आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या, तिची रूममेट गावी गेली, अर्धं हॉस्टेल रिकामं झालं. शलाकाला ताप होता. शनिवारी ती फोनवर म्हणाली, "आई, गोळी घेतलीये, झोपते आता. सारखा फोन करू नकोस गं." रविवारी तिने फोन उचलला नाही. सोमवारी फोन बंदच लागला. मंगळवारी सकाळी रूममेट परत आली तेव्हा दार आतून बंद होतं. डेंग्यू होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

सुनंदाने कुणाला दोष दिला नाही. रेक्टर रजेवर होत्या, मेस बंद होती. पण त्या तीन दिवसांत कुणीतरी एकदा जरी ते दार वाजवलं असतं तर, हा विचार तिच्या डोक्यातून हलत नव्हता. तसं दार वाजवणारं माणूस कुठल्या तरी हॉस्टेलमध्ये असायला हवं. आणि ते आपण व्हावं, एवढंच तिला वाटत होतं.

मुलाखत रेक्टरनी घेतली. ज्युली डाबरे, नंदाखालच्या. पन्नाशीच्या, कॉटनच्या साडीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी अर्ज वाचला. बावीस वर्षं शाळेच्या लायब्ररीत काम, मुलांची सवय, तब्येत ठीक.

"घरी कोण असतं?"

"मी आणि मिस्टर."

"मुलं?"

सुनंदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एक मुलगी. बाहेर असते."

"मग मिस्टरांचं कसं होणार, तुम्ही इथे राहिल्यावर?"

"स्वयंपाक येतो त्यांना. रविवारी जाईन मी."

ज्युलीमिस हसल्या आणि म्हणाल्या, "जूनपासून या."

हॉस्टेल उमेळ्याच्या बाजूला होतं. पुढच्या खिडक्यांतून नव्या इमारती दिसत, मागच्या खिडक्यांतून उरलेली केळीची बाग. तीन मजले, साठ-पासष्ट मुली. जिन्याजवळची खोली सुनंदाला मिळाली. संध्याकाळी सातला हजेरी घ्यायची, बाहेर जाणाऱ्यांची वहीत नोंद ठेवायची, आजारी मुलींकडे बघायचं. पंधरा दिवसांत मुली तिला काकू म्हणायला लागल्या. कुणाला दुधाचा वास सहन होत नाही, कुणाला पाळीत उठवत नाही, कुणाचे आईवडील भांडतात, सगळं तिला कळू लागलं. रविवारी घरी गेली की ती आत्मारामांना एकेकीचं सांगायची. तेही ऐकायचे. मध्येच विचारायचे, "ती डहाणूची मुलगी, तिचा खोकला गेला का?" घरात इतकं बोलणं तीन वर्षांत झालं नव्हतं.

तिचं एकच चुके. ती दारं फार वाजवायची. सकाळी, कॉलेजच्या वेळी, दुपारी, हजेरीनंतर. कुणी आजारी आहे म्हटलं की तासातासाला. एकदा आंघोळीला वेळ लागला म्हणून तिने एका मुलीला बाथरूमच्या बाहेरून इतक्या हाका मारल्या की ती बिचारी केसांत शाम्पू तसाच ठेवून बाहेर आली. मुली हसल्या, पण तक्रारही गेली.

"सुनंदाताई," ज्युलीमिस म्हणाल्या, "या मुली मोठ्या आहेत. थोडं मोकळं सोडा."

"हो मिस," सुनंदा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी परत दारं वाजवत फिरली.

दुसऱ्या मजल्यावर चौदा नंबरला पिंकी तरे राहायची. केळव्याची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांची पानवेलीची वाडी होती. घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच. पिंकी बडबडी होती. अभ्यासाची वही घेऊन ती सुनंदाच्या खोलीत येऊन बसायची, वहीकडे न बघता बोलत राहायची.

"काकू, बाबांनी एका अटीवर पाठवलंय. नावाला बट्टा लागला तर त्याच दिवशी घरी. आत्याने तर पैज लावलीये, ही वर्ष पुरं करणार नाही म्हणून."

"मग करून दाखव."

"दोन्ही सेमिस्टर पास झाले. आता काय दाखवू?" असं म्हणून ती सुनंदाच्याच पलंगावर आडवी व्हायची आणि पाच मिनिटांत झोपायची. सुनंदा पंखा कमी करायची. शलाकाही अशीच हात डोक्याखाली घेऊन झोपायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी पिंकी जिन्यात भेटली. चेहरा उतरलेला. "काकू, अंग दुखतंय. ताप येईलसं वाटतंय. गोळी घेतलीये, झोपते आता. जेवायला उठवू नका."

तिची रूममेट आदल्या दिवशीच घरी गेली होती.

सुनंदा खाली आली. वहीत चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन चुकल्या. अकरा वाजता वर जाऊन तिने दार वाजवलं. उत्तर नाही. झोपली असेल, असं म्हणून ती परत फिरली. बारा वाजता परत वाजवलं. फोन लावला, तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. साडेबारा वाजता तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारच्या खोलीतली मुलगी बाहेर आली.

"काकू, झोपली असेल हो."

"इतकी?"

दाराला ओढलं की बंद होणारं लॅच होतं. जादा किल्ल्या ज्युलीमिसच्या कपाटात असत आणि ज्युलीमिस आगाशीला एका लग्नाला चर्चमध्ये होत्या. त्यांचा फोन बंद होता. सुनंदाने पिंकीच्या घरचा नंबर काढला.

"पिंकीचे बाबा का? हॉस्टेलमधून बोलतेय. पिंकीला ताप आहे. दार उघडत नाहीये. तुम्ही लगेच निघा. थांबू नका, लगेच निघा."

मग तिने वॉचमन आल्बर्टला पहार घेऊन वर बोलावलं. आल्बर्ट दारापाशी घुटमळला. "ताई, मिस येऊ द्या. तासाभरात येतील."

"तास?" सुनंदा ओरडली. "तासाने काय उरणार आहे? तोड म्हणते ना!"

तिसऱ्या घावाला लॅच निखळलं. मुली दाटीवाटीने मागे उभ्या होत्या. सुनंदा आत गेली. पलंगावर चादर नीट घातलेली होती. टेबलावर कंगवा, पावडरचा डबा. खोलीत कुणी नव्हतं.

सुनंदा मटकन खाली बसली आणि हसली. जोरात, तोंडावर हात धरून हसली. नाहीये. इथे कुणी नाहीये. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुली एकमेकींकडे बघत होत्या. मग शेजारच्या खोलीतली मुलगी वाकून हळूच म्हणाली, "काकू, ती कळंबच्या बीचवर गेलीये. वर्गातल्या पोरांबरोबर. एकाचा वाढदिवस आहे. चारपर्यंत येणार होती."

सुनंदाचं हसू तिथेच थांबलं.

तिने केळव्याला परत फोन लावला. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा सदानंद तरेंनी उचलला. मागे गाडीचा आवाज होता, धाप लागलेली होती.

"बाबा, काळजी करू नका. पिंकी ठीक आहे. तुम्ही येऊ नका."

"ठीक हाय? देवा! मंग द्या तिला फोन."

सुनंदाला काही सुचलं नाही. आंघोळीला गेलीये, झोपलीये, डॉक्टरकडे गेलीये, यातलं काहीही चाललं असतं. नंतर कितीतरी दिवस ती ही वाक्यं मनात म्हणत राहिली.

"बाई? पोरगी कुठं हाय?"

"बाहेर गेलीये," सुनंदा म्हणाली.

सदानंद तरे बायकोला घेऊन पावणेचारला पोचले. ज्युलीमिस तोवर आल्या होत्या. त्यांनी चहा मागवला, समजावून पाहिलं. सदानंद खुर्चीच्या कडेवर बसून फाटकाकडे बघत राहिले. साडेचारला पिंकी आली. चपला हातात, पावलांना वाळू. तिने वडिलांना पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

ते ओरडले नाहीत. उठले आणि म्हणाले, "सामान भर."

"बाबा, वाढदिवस होता फक्त. आम्ही पाच जण होतो..."

"सामान भर."

सुनंदा मध्ये पडली. चूक माझी आहे, मीच घाबरले, पोरगी गुणाची आहे, तिचं शिक्षण तोडू नका, असं ती जे सुचेल ते बोलत राहिली. सदानंदांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यापुढे हात जोडले.

"बाई, तुमचे उपकार झाले. तुमी फोन केला नसता तर आमाला कधी कळलं असतं?"

पिंकी बॅग घेऊन खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. आई तिच्या पाठीवर हात ठेवून चालत होती. सुनंदाजवळ ती थांबली.

"काकू, चारपर्यंत थांबला असतात तर..." ती म्हणाली. एवढंच. मग ती रिक्षात बसली.

संध्याकाळी हजेरी ज्युलीमिसनी घेतली. नंतर त्या सुनंदाच्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. सुनंदाने त्यांना शलाकाचं सगळं सांगितलं. शनिवारचा फोन, रविवार, सोमवार, मंगळवार.

"मला आधी सांगायला हवं होतंत."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत मला?"

ज्युलीमिसनी खोटं बोलायचं टाळलं. "नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुनंदाचा हात हातात घेतला. "कमिटीशी मी बोलेन. तुम्ही राहा."

"नको मिस. उद्या कुणी दार उघडलं नाही तर मी परत हेच करीन. मला माहितेय."

पंधरा दिवसांनी ती आत्मारामांना घेऊन केळव्याला गेली. सदानंदांनी ओसरीवर बसवलं. पिंकीने पाणी आणून ठेवलं. पानांचे गठ्ठे बांधून तिची बोटं हिरवट झाली होती. तिने सुनंदाकडे बघितलं, राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, दुसरंही काही नव्हतं. ती आत गेली.

"परीक्षा तरी देऊ द्या तिला," सुनंदा म्हणाली.

"बघू," सदानंद म्हणाले. "पन तिकडे राहायला नाय पाठवनार. एक स्थळ आलंय."

"आमची मुलगी गेली, हॉस्टेलमध्ये," आत्माराम अचानक बोलले. "तापाने. म्हणून ही घाबरली त्या दिवशी. तुमच्या मुलीने काही वाईट केलं नाही हो."

सदानंदांची मान खाली गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. ते म्हणाले, "वाईट झालं तुमचं." पण परीक्षेचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि ही दोघं उठली.

परतीच्या गाडीला वेळ होता. केळवे रोडच्या फलाटावर दुपारच्या उन्हात चारदोन माणसं होती. दोघं बाकावर बसली.

"तू रविवारी निघणार होतीस पुण्याला," आत्माराम म्हणाले. "पिशवी भरली होतीस. मी म्हटलं, उद्या बघू, मुलगी मोठी झालीये."

"हो."

"तू मला कधी बोलली नाहीस त्यावरून."

"बोलून काय झालं असतं?"

"मला वाटायचं, बोलशील कधीतरी. रोज वाटायचं. मी वाट बघत होतो."

सुनंदाला आठवलं, मीही पिशवी परत खाली ठेवलीच होती. मलाही त्या क्षणी बरंच वाटलं होतं, एवढ्या पावसात जावं लागलं नाही म्हणून. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. ते तिने तिथे, फलाटावर, त्यांना सांगितलं. आत्माराम हुंदके देऊन रडले. ती त्यांच्या खांद्याला धरून बसून राहिली. गाडी आली आणि गेली, त्यांना उठवलं नाही. पुढची दीड तासाने होती.

एप्रिलमध्ये ज्युलीमिसचा फोन आला. पिंकी परीक्षेला आली होती. आई सोबत होती, दोघी तळमजल्यावर राहून पेपर संपताच परत जाणार होत्या. लग्न मे महिन्यात ठरलं होतं.

"भेटायला येता का?" ज्युलीमिसनी विचारलं.

सुनंदा खिडकीशी उभी होती. खाली सोसायटीतली मुलं सायकली फिरवत होती.

"नको," ती म्हणाली. "पेपरच्या दिवसांत नको. तब्येत बरी आहे ना तिची?"

"बरी आहे. बोलत नाही फारशी."

"पूर्वी फार बोलायची," सुनंदा म्हणाली, आणि फोन ठेवला.