महाराजांचं लोखंडी कडं

अभिमनच्या कपाशीच्या बांधावर सारा गाव लोटला होता. कडेमहाराजांनी काल वावराच्या मधोमध परातीएवढं लोखंडी कडं फेकलं, तेव्हा त्यात जेमतेम दोन रोपं सापडली. मग अंगारा शिंपडला. आज बांधालगत कडं फेकलं, तर आत नऊ! "धरतीमाते, दोनाची नऊ केलीस, आता नवाची नव्वद कर!" महाराज गरजले. माणसं धडाधड पाया पडली.

तोताराम जळून खाक झाला. अभिमन त्याचा सख्खा धाकटा भाऊ, पण वाटण्या झाल्यापासून त्याचं बरं झालेलं तोतारामला बघवत नसे. अंगाऱ्याची दक्षिणा होती दुभती म्हैस. अभिमनने दिली, म्हणून तोतारामही आपली एकुलती एक म्हैस ओढत घेऊन आला. मागून वच्छलाबाई रडत होती, "पोऱ्हेसले काय पाजू?"

"गप ऱ्हाय! तेनं वावर भरी गयं, अन् मनं वावर तसंच ऱ्हास का?" तोताराम बायकोवर खेकसला.

शाळेतले गिरधर गुरुजी शेतकी शिकलेले. ते म्हणाले, "तोतारामभाऊ, आधी तुमच्या वावरात फेका. अंगारा नको, पण बांधालगतच."

फेकलं. आत दहा रोपं!

"पेरताना पाभर बांधाशी वळते, तिथं चाड्यात बी सोडणारी मूठ थांबत नाही," गुरुजी म्हणाले. "बी दाट पडतं. महाराज काल मधे मोजतात, आज कडेला. आता डोळे बांधून, वावरभर हिंडून वीस-वीस वेळा फेका. दोन्ही वावरांत."

"कडं बाटेल! देवी कोपेल!" महाराज ओरडले.

"कोपू द्या," तोताराम म्हणाला. भावाच्या वावराची झडती घ्यायला मिळणार, याचाच त्याला आनंद. त्याने हात दुखेपर्यंत कडं फेकलं. कुठे एक रोप, कुठे सहा. गुरुजींनी बेरीज करून सरासरी काढली. दोन्हीकडे चार-चार!

महाराज गर्दीतून सटकत होते. अभिमनने त्यांना धरलं आणि आपली म्हैस सोडवून घेतली.

तोतारामचं तोंड मात्र उतरलेलंच. "गुरुजी, पण तेनं वावर माले रोज दाट दिखस!"

"दिसणारच. भावाचं वावर तुम्ही बांधावरून बघता, अन् आपलं मधे निंदणी करताना. महाराजांनी गावाला जसं फसवलं, तसं तुम्ही स्वतःला रोज फसवत होता."

तोताराम ओशाळला. कितीतरी वेळ त्याला भावाकडे बघवेना.

बाबांनो, आपल्याला हवं तिथंच मोजलं, तर हवं तेच दिसतं. कडं डोळे झाकून फेका, आणि रोपं डोळे उघडून मोजा. मग कोणाही महाराजाला म्हैस द्यावी लागणार नाही.