मोतीसर पडली तिथून पुढे

"तुले मामा शे का वं, प्रमिला?"

भर दुपारी, ब्लाउजची बाही जोडत असताना कोणी असं विचारलं तर माणूस काय उत्तर देणार? मशीनवरचा पाय न थांबवता मी म्हटलं, "होते, अक्का. जामनेरला. गेले त्याला बरीच वर्षं झाली."

"आखो एखादा?"

"एकच होते."

तानुअक्काचा चेहरा असा खुलला की मला रागच आला. माझे मामा गेल्याचं हिला एवढं सुख कसलं? ती उंबऱ्याशी बसली, शेंगांचं टोपलं पुढ्यात ओढलं आणि समाधानाने म्हणाली, "मंग तू माले चालशी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्टीसाठी होतं ते सगळं.

आमच्या देवपूरच्या गल्लीत अक्काची खोली अगदी शेवटची. व्यापाऱ्याकडून भुईमुगाच्या शेंगा आणायच्या, फोडून दाणे पोचवायचे, यात तिचा दिवस जायचा. तिचे मालक झिपरूभाऊ जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. छाती बिघडली तसे घरी बसले. जेवणं आटोपली की अक्का त्यांना गोष्ट सांगायची आणि ते हुंकारा द्यायचे. बाहेरून जाताना कानावर पडायचं. तिची तीनचार वाक्यं, मग त्यांचं एक 'हां'. पुन्हा तिची वाक्यं, पुन्हा 'हां'. आम्ही बायका हसायचो, म्हातारपणी काय हे चाळे म्हणून. खरं तर हेवा वाटायचा. आमच्या घरात आमचं कोण ऐकत होतं?

अक्काच्या माहेरी गोष्टीचे कायदे कडक. हुंकारा थांबला की गोष्ट थांबवायची. अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे केव्हातरी पुरी करायचीच, नाहीतर गोष्टीतली माणसं अडकून पडतात. आणि दिवसा गोष्ट सांगायची नाही, ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो.

पोळ्याच्या सुमारास ती मोतीसर नगरीची गोष्ट सांगत होती. नगरीतली दारं पावलं ओळखून आपोआप उघडायची, विहिरीला हाक मारली की पाणी वर यायचं. सगळं सुख, फक्त रडायला बंदी. एक जरी आसू जमिनीवर पडला तर नगरी पडेल, असा राजाचा मांत्रिकाशी करार. असल्या राजाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. एका सुनेला माहेरची वाईट खबर येते, ती चुलीपुढे रडते, आणि अख्खी नगरी खाली येते. माणसं जागच्या जागी दगड होतात.

तिथे हुंकारा आला नाही. झिपरूभाऊंना डुलकी लागायची सवयच होती. "झोपी गयात का?" असं म्हणून तिने त्यांच्या अंगावर गोधडी घातली आणि गोष्ट उद्यावर टाकली. सकाळी उठवायला गेली तर अंग गार.

दहावा, तेरावा झाला. अक्काच्या जिवाला मात्र चैन पडेना. "त्या लोकं दगड व्हयीसन पडेल शेतस वं," ती ज्याला त्याला सांगायची. संध्याकाळी ऐकायला माणूस मिळत नव्हतं. दिवेलागण झाली की गल्ली गिरधरच्या टीव्हीपुढे. मुलगा पुना नरडाण्याच्या कारखान्यात, रविवारी यायचा. त्याने टेपरेकॉर्डर आणून दिला. म्हणाला, "आई, यामां बोल, मी निवांत आयकसू." अक्काने त्या डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "हाऊ 'हां' म्हणस का?" पुनाचीही चूक नाही, पाळी रात्रीची, डोळे तारवटलेले.

म्हणून मग ती दिवसा ऐकू शकेल असं माणूस शोधत निघाली. ज्याचा मामा आता कुठेच वाट चुकणार नाही, असं. फिरत फिरत ती माझ्या उंबऱ्याशी आली.

मला दिवाळीचे ब्लाउज उरकायचे होते. पण तिचं तोंड बघून नाही म्हणवेना. "सांग," म्हटलं.

तिने सुरुवात केली. राजाची धाकटी पोर आजोळी गेलेली, म्हणून ती वाचते. परत येते तर सगळीकडे दगड. तिथे एक म्हातारा दगड होता होता तिला सांगून जातो, दारोदार जा, ज्याचं घर त्याचं नाव घेऊन हाक मार, ज्याने ओ दिली तो उठेल.

"हां," मी म्हटलं.

"मंग पोर पहिला दारशी गयी. हाक मारी, वना."

"हां."

"वना उठना. दुसरा दारशी गयी. हाक मारी, जीवराम."

ती गल्लीतलीच नावं घेत होती. टीव्हीवाला गिरधर उठला, कोपऱ्यावरचा नूर महंमद उठला, त्याची बायको खातून उठली. शेंगा फुटत होत्या, नगरी भरत होती. आता मलाही मजा येऊ लागली होती. मशीन कधी थांबवलं ते कळलंच नाही.

"मंग शेवटली खोली राह्यनी."

"हां."

अक्काचे हात थांबले. अख्ख्या संसारात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा 'पुनाना बाप' एवढंच सांगायची, नाव शेजारणीने सांगावं लागायचं. ती मान खाली घालून बसली. मग आधी ओठ हलले, आवाज नंतर आला.

"झिपरू."

मी हुंकारा दिला नाही. तो द्यायचा हक्क माझा नव्हता. ती वाट बघत होती. नुसती बसली नव्हती, खरोखर वाट बघत होती. मान गल्लीच्या टोकाकडे, तिच्या खोलीकडे वळलेली. इतके दिवस ही गोष्टीतल्या लोकांसाठी जीव टाकत होती असं आम्हाला वाटत होतं.

रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

"बठ्ठा लोकं उठनात," ती म्हणाली. "त्या नही उठनात."

आणि ती रडली. तेराव्यालाही अशी रडली नव्हती. मी उठून तिच्याजवळ खाली बसले. रडता रडता ती काहीबाही सांगत होती. कापसाच्या गाठी, त्यांचा खोकला, लग्नात त्यांनी घातलेला मागून आणलेला कोट. कशाचा कशाला मेळ नव्हता. ती सांगत राहिली आणि मी हां म्हणत राहिले.