वायरीवरचे लंगोट

अँटेना प्रेमिलाच्या गच्चीवर होता आणि चित्र चारुलताच्या घरात. नंदनवनच्या त्या गल्लीत ही एकच गोष्ट अशी होती, की जिचा विचार आला की प्रेमिलाच्या तव्यावरची पोळी जळायची.

तसं बघायला गेलं तर कुणाचं काही चुकलं नव्हतं. चारुलताचा नवरा चंद्रभान फौजेत. नागपुरात टीव्ही दिसायला लागला त्याच्या पुढच्या सुट्टीत त्याने कँटीनमधून सेट आणला, घरात मांडला, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि परत गेला. पण घर कवेलूचं, कौलारू. वर पाइप उभा करायला आधार नाही, आणि सेमिनरी हिलच्या टॉवरकडून येणारं जे काही असतं ते नेमकं पाण्याच्या टाकीच्या आड. गल्लीत स्लॅबचं घर एकच, प्रेमिलाचं. तिच्या घरी टीव्ही नव्हता. नवरा होता, मधुसूदन, आणि तो इतवारीत रेडिओ दुरुस्त करायचा.

चारुलताने मधुसूदनला विचारलं, "भाऊजी, तुमच्या गच्चीवरून आमच्यापर्यंत येईल का हो?"

मधुसूदन पंधरा दिवस जेवताना बोलला नाही. गच्चीपासून चारुलताच्या घरापर्यंत वायर न्यायची म्हणजे कठड्यावरून, गल्ली ओलांडून, कडुनिंबाच्या फांदीवरून. तेवढ्या वाटेत चित्र मरून जायचं. त्याने सीताबर्डीतून एक बूस्टर आणला. अँटेनाकडून आलेलं क्षीण चित्र ठळक करणारी टिनाची डबी ती. आल्या आल्या त्याने तिची पाठ उघडली, आतला कंपनीचा ट्रान्झिस्टर काढला, दुसरा बसवला, पेन्सिलीवर तांब्याची तार गुंडाळून नवी कॉइल केली. कंपनीने ती डबी एका खोलीपुरती बनवली होती, मधुसूदनने तिला गल्ली ओलांडायला लावली.

हे सगळं चारुलताच्या घरी, टीव्हीच्या शेजारी बसून चाललं. चारुलता बी.एस्सी.पर्यंत शिकलेली. ती त्याला चिमटा द्यायची, कॉइलचे वेढे मोजायची. पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा दोघांनी एकदम टाळी वाजवली. ती टाळी प्रेमिलाने आपल्या ओट्याजवळ ऐकली. मुन्नी तेव्हा पदराखाली दूध पीत होती. दचकली आणि चावली.

"‘दादा’ म्हणायले काय झालं होतं तिले?" प्रेमिलाने सासूला विचारलं. "भाऊजीच काहून?"

प्रयागबाई तांदूळ निवडत होत्या. "तिच्या नवऱ्याचा दोस्त हाय म्हणून. आन तू काहून एवढी कान लावून राहिली वं? चाल, तू पण पाहाले चाल. बाई बातम्या सांगते, मस्त अंबाडा असते तिचा."

प्रेमिला गेली नाही. मुन्नीला झोपवायचं आहे म्हणाली. सासू मात्र रोज संध्याकाळी चारुलताकडे सतरंजीवर पहिल्या रांगेत.

मुन्नी आठ महिन्यांची. दात येत होते, त्यामुळे दिवसभर लंगोट. लंगोट प्रेमिलाने स्वतःच्या साड्यांचे शिवले होते. जुन्या सुताला जी माया असते ती नव्या कापडाला नाही, आणि मुन्नीची कातडी म्हणजे पिकलेल्या सीताफळाची साल, बोट लागलं तरी उमटायचं. त्यात एक पिवळी साडी होती. लग्नानंतर अंबाझरीला गेले होते तेव्हा नेसलेली. तळ्याच्या काठावर मधुसूदन म्हणाला होता, "ह्या रंगात तू लांबूनही ओळखू येशील." त्या साडीचे चौदा लंगोट झाले. ते रोज गच्चीवर वाळत. मधुसूदन रोज त्यांच्याखालून वाकून अँटेनाकडे जाई. त्याला ते कधी ओळखू आले नाहीत.

गच्चीवरची दोरी प्रयागबाईंच्या नऊवारी लुगड्याने भरलेली. म्हणून डिसेंबरातल्या एका दुपारी प्रेमिलाने ओले लंगोट कठड्यावरून जाणाऱ्या त्या चपट्या वायरीवर टाकले. वायर तिथे पडूनच होती. तिच्यावर कावळे बसत, लंगोटांनी काय घोडं मारलं होतं?

संध्याकाळी चारुलता दारात. "भाऊजी, आमच्याकडे मुंग्या आल्या."

मधुसूदन टेस्टर घेऊन गेला. टीव्हीवर नुसत्या पांढऱ्याकाळ्या मुंग्या वळवळत होत्या, आणि त्यांच्यात कुठेतरी बातम्यांची बाई. त्याने बूस्टर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. दुसऱ्या दिवशी प्रेमिलाने लंगोट लवकर काढले. चित्र आलं. तिसऱ्या दिवशी थंडी, लंगोट ओलेच राहिले. मुंग्या. चौथ्या दिवशी प्रेमिला गच्चीवर उभी राहिली, एक ओला लंगोट वायरीवर टाकला, उचलला, पुन्हा टाकला. समोरच्या घरातून चारुलताचा आवाज आला, "आलं… गेलं… अय्या, आलं!"

प्रेमिलाने तो लंगोट टाकला, आणि आणखी सहा आणले.

त्या संध्याकाळी ती मुन्नीला मांडीवर घेऊन गाणं म्हणत बसली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज लागला होता. आता ती दोघं टाळ्या वाजवून दाखवोत.

पण झालं भलतंच. चित्र असतं तेव्हा मधुसूदन घरी असे. चित्र गेलं की तो चारुलताकडे. आणि आता चित्र रोज जाऊ लागलं. दुकानातून आला की चहासुद्धा न घेता तो तिकडे वळे. डाळीवर साय धरायची. प्रयागबाई परत येत आणि पायऱ्यांवरूनच म्हणत, "तुहा नवरा डाक्टर झाला काय वं? रोज व्हिजिटले जाऊन राहिला!"

"फी काय देते ते विचारा."

"चहा देते. अद्रक टाकून."

प्रेमिलाला कळत होतं. लंगोट दोरीवर टाकले की बिमारी बरी होईल आणि डॉक्टरची गरज संपेल. रोज सकाळी ती तसं ठरवायची. मग चारुलता हसतमुखाने टीव्हीसमोर बसली आहे आणि ‘भाऊजींनी केलं’ म्हणून गल्लीला सांगते आहे असं डोळ्यांसमोर यायचं, आणि हात आपोआप वायरीकडे जायचा. कोणतं जास्त जळतं हे तिचं तिलाच ठरवता येईना. मधुसूदनने एवढ्या दिवसांत बूस्टरमधला एकेक भाग बदलला. अँटेना फिरवून पाहिला. लंगोट बाजूला सारून वायरीचे जोड तपासले, आणि लंगोट परत होते तिथे नीट ठेवले.

जानेवारीत चंद्रभानचं कार्ड आलं. सव्वीस जानेवारीच्या संचलनात दिल्लीला त्याच्या पलटणीची तुकडी आहे, आणि तुकडीत तो आहे. चारुलताने ते गल्लीभर वाचून दाखवलं. प्रेमिलाच्या दारात आली तेव्हा तिचा श्वास लागला होता.

"वहिनी, तुम्ही यायचंच. मुन्नीला घेऊन. दीड वर्ष झालं हो त्यांना पाहून."

"येईन," प्रेमिला म्हणाली. आणि खरंच ठरवलं तिने. पंचवीस तारखेला सगळे लंगोट दोरीवर गेले, सासूचं लुगडं पलीकडच्या कठड्यावर. वायर मोकळी. संध्याकाळी मधुसूदन चित्र कसं आहे ते शेवटचं बघायला गेला आणि लवकर परतला.

अंगात नवा स्वेटर. हिरवा, फौजेच्या रंगाचा, बाहीला अजून सुई लटकलेली.

"हे काय?"

"चंद्रभानसाठी विणून राहिली ती. आमचे दोघांचे खांदे सारखे हायेत म्हणते. मापासाठी घातला, काढायचा राहून गेला." तो हसला. "गरम हाय पण."

प्रेमिलाने मुन्नीला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. मापासाठी. म्हणजे तिने खांदे पाहिले होते. त्यांच्यावर हात ठेवून, टाके मोजत. हे खांदे प्रेमिलाने मुन्नी झाल्यापासून धड पाहिलेसुद्धा नव्हते, आणि तिकडे ते कुणाच्या तरी मापाला बरोबर बसले होते.

सव्वीसच्या सकाळी तिने घरातले सगळे लंगोट धुतले, कोरडे होते तेही. पिळले नाहीत. पाणी गळत होतं तसेच एकाला एक लावून पूर्ण वायर भरून टाकली, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खाली येऊन मुन्नीला तेल लावायला बसली.

गल्ली चारुलताकडे लोटली होती. बँडचा आवाज ऐकू आला, मग खर्र झालं, मग सगळ्यांचा एकदम "अरेरे!" मधुसूदनचा आवाज, "थांबा, थांबा, बूस्टर पाहतो." पुन्हा खर्र. प्रेमिला मुन्नीच्या पायाला तेल चोळत राहिली. पाय गोल, गुबगुबीत, टाचा अजून जमिनीला न लागलेल्या.

जिन्यावर पावलं वाजली. चारुलता. अनवाणी, नवी साडी, केसात अबोली. दार उघडंच होतं. ती न विचारता सरळ वर धावली. प्रेमिला मुन्नीला कडेवर घेऊन मागोमाग गेली.

चारुलता दोन्ही हातांनी अँटेनाचा पाइप फिरवत होती, उलटा, टाकीकडे. "आलं का?" ती ओरडली.

खालून गल्लीतून प्रयागबाई ओरडल्या, "नाही वं! काहीच दिसून नाही राहिलं!"

"वहिनी, त्यांची पलटण यायची आहे अजून," चारुलता म्हणाली. "भाऊजी म्हणाले पाइप फिरवून पाहा. कुठे फिरवू हो?" ती झपकन वळली आणि ओल्या लंगोटांत गुरफटली. एक तिच्या गालावर चिकटला, एक खाली गच्चीच्या धुळीत पडला.

तिने गालावरचा सोडवला. खाली पडलेला उचलला, दोनदा झटकला, त्याला लागलेली धूळ पुसली आणि वायरीवर परत टाकला, टोकं जुळवून. "खराब झाला का? मी धुऊन देईन मग," म्हणाली, आणि पुन्हा पाइपाला लागली.

प्रेमिलाने तो टोकं जुळवलेला लंगोट पाहिला.

"तू खाली जा," ती म्हणाली.

"अन् हे?"

"हे मी पाहते. तू टीव्हीसमोर बैस. जा नं! गेली त्याची पलटण म्हणजे?"

चारुलता धावली. प्रेमिलाने पाइप होता तसा वळवला आणि एका हाताने लंगोट ओढायला सुरुवात केली. खांद्यावर, मानेवर, मुन्नीच्या डोक्यावर. मुन्नीला गंमत वाटली. ती खिदळायला लागली. मग प्रेमिलाने पदराने वायर पुसली, टोकापासून टोकापर्यंत, मुलाचे ओले केस पुसावेत तशी. कठडा ओला होता. लुगडी वाळत घालायची काठी घेऊन तिने वायर कठड्यावरून वर उचलली आणि धरून राहिली.

"आलं!" खालून प्रयागबाई किंचाळल्या. "आलं वं! हालू नको!"

"काय दिसते?"

"उंट येऊन राहिले! लय उंट!"

"पलटण गेली का?"

"काय मालूम! साऱ्याईचे पाय सारखेच हायेत!"

काठी जड होती, मुन्नी जड होती, मानेवरून लंगोटांचं पाणी पाठीत उतरत होतं. हात खाली आला की खालून ओरडा व्हायचा, ती पुन्हा वर करायची. दिल्लीत काय चाललं होतं ते गल्लीत एकट्या तिला दिसत नव्हतं. मग चारुलताच्या घरातून हाक आली. शब्द नव्हता त्यात, नुसता आवाज, आणि मागून बायकांचा गलका.

प्रेमिलाने हे सगळं संपेपर्यंत काठी खाली केली नाही.

मधुसूदन वर आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. मुन्नी खांद्यावर झोपलेली, शेजारी लंगोटांचा ढीग.

"दिसला?" तिने विचारलं.

"ती म्हणते दिसला. तिसऱ्या रांगेत, कडेचा. आमाले कोणाले नाही दिसला. एवढी एवढी माणसं, तोंडं कुठं दिसतात! पण ती म्हणते, चालण्यावरून ओळखला."

"ओळखलाच असन," प्रेमिला म्हणाली. शंभर सारख्या पायांत एक.

मधुसूदन वायरीकडे बघत होता. मग काठीकडे. मग ढिगाकडे. दीड महिना उघडलेली डबी आता त्याच्या डोक्यात बंद होत असावी.

"लंगोट काहून काढले?" त्याने हळूच विचारलं.

"वाळले होते."

ढिगातून पाणी पायरीवरून खालच्या पायरीवर गळत होतं. त्याने आईचं लुगडं दोरीच्या एका कडेला सारलं, ढिगातला पहिला लंगोट उचलला, पिळला, दोरीवर टाकला. दुसरा. तिसरा हातात घेतला आणि थांबला. कापड उन्हात धरलं.

"प्रेमिला, ही अंबाझरीची साडी नं?"

तिने मान वळवली नाही. मुन्नीच्या पाठीवर थोपटत राहिली.

"चौदा हायेत तिचे," ती म्हणाली. "मोजून टाका. आणि तो स्वेटर आज वापस करून या. मीच येते संग."