खरखर पुसली तेव्हा

मी साउंड कार्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या पोटातली हिरवी पाटी. साठवलेला आवाज स्पीकरपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. ते मी चोख केलं. तरी आळ माझ्यावरच आला.

आधी मी तुंगार्लीच्या एका बंगल्यात होतो. शिदू तिथला राखणदार. मालकानं नवा कॉम्प्युटर घेतला, जुना शिदूला दिला. त्यानं तो तळ्यामागच्या वाडीत नेला, नातीसाठी. नात हर्षदा, कॉलेजात जाणारी.

घरातल्या बोर्डाला भोकं दोन, प्लगला पाय तीन. शिदूनं पकडीनं जाड पाय मोडला आणि प्लग बसवला. तो पाय अर्थिंगचा होता, नको ती वीज जमिनीत सोडणारा. तेव्हापासून स्पीकरमधून घरघर आणि खरखर येऊ लागली.

त्याच वर्षी शिदूची बायको भागूबाई वारली. हर्षदानं तिचं बोलणं एकदाच मोबाईलवर भरून कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. मोबाईल पुढे फुटला. चुलीपुढची भागूबाई त्यात म्हणते, "बंद कर ते आधी. भात लागंल हितं." मग हसते. हसता हसता खोकते. बस्स, एवढंच.

शिदू कामावरून आला की माझ्यापुढे जमिनीवर बसायचा. "लाव," म्हणायचा.

"आबा, किती घरघर येतेय."

"ती बोलाय लागली की मी बी गप बसायचो. आन् ह्ये यंत्र मधी बोलतंय व्हय!"

वर्षश्राद्धाला सगळा गोतावळा जमणार होता. आजीचा आवाज सगळ्यांना नीट ऐकवायचा, असं हर्षदानं ठरवलं. तिनं स्पीकर बदलले. वायरी बदलल्या. मला उपसून माझे दात, म्हणजे जोडणीच्या सोनेरी पट्ट्या, खोडरबरानं घासले. मी सोसलं. घरघर हलली नाही. मग तिला वाटलं, खोट रेकॉर्डिंगमध्येच आहे. दुसऱ्याच्या मोबाईलवर लावून पाहिलं असतं तर कळलं असतं. ते तिला सुचलं नाही. एका प्रोग्रामनं तिनं खरखर पुसली आणि जुन्यावरच सेव्ह केलं. घरघर तरीही येतच राहिली; तिच्याखाली काय गेलं, ते तिला ऐकू आलं नाही.

खरखर तिथं नव्हतीच. मग पुसलं काय?

श्राद्धाच्या आदल्या दिवशी वायरमननं घरात नवं वायरिंग केलं. तीन भोकांचे बोर्ड बसवले, कॉम्प्युटरला नवी वायर दिली. मी लख्ख वाजलो. हर्षदा हरखली. "आबा, या लवकर!"

शिदूनं ऐकलं. डब्यात तोंड घालून बोलावं तसं कोणी बोललं. चुलीचा आवाज नाही. खोकला नाही. हसू अर्ध्यातच तुटलेलं.

"ही कोण गं?" त्यानं विचारलं.

हर्षदानं पुन्हा लावलं. मग तिलाही कळलं. ती रडू लागली.

"रडू नको. तू चांगलंच कराय गेलतीस."

"आबा, परत एकदा लावू? थोडं तरी..."

"नको. डोक्यात हाय ती बी पुसली जाईल."

श्राद्ध झालं, पण कोणाला काही ऐकवलं नाही. शिदू आता माझ्यापुढे बसत नाही. हर्षदा अभ्यास करते तेव्हा आवाज बंद ठेवते. पाय कोणी मोडला, ते मला माहीत आहे. त्यामुळंच हे सगळं झालं, हे शिदूला कळू नये.

तुमच्याकडे असं कोणाचं बोलणं असेल तर त्याला हात लावू नका. खरखरीसकट ऐका.