खालून येणारी ऊब

तुर्कस्तानातल्या कायसेरी शहरात घर घेताना शहाणा माणूस नळाला पाणी किती वेळ येतं ते बघत नाही, मजला बघतो. नेवझात बेंनी तर असा मजला हेरला होता, की चहाखान्यात त्याची गोष्ट सांगताना त्यांचा चहा दरवेळी थंड व्हायचा.

"सगळ्यात वरच्या घराला बर्फ खातं, तळच्या घराला ओल खाते," ते सांगायचे. "मधलं घर म्हणजे दोन रजयांमधलं पोर. वरचा जाळतो, खालचा जाळतो, आपण पाय पसरून बसायचं."

गालिच्यांच्या दुकानात जन्म घालवलेला माणूस. गिऱ्हाइकाला गालिचा विकून वर त्याच्याच खांद्यावरून तो घरी पोचवून घ्यायची त्यांची ख्याती. अशा माणसानं स्वतःचा गॅस जाळावा कशाला? स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोम्बी होती, म्हणजे गॅस जाळून घरभरच्या रेडिएटरांत गरम पाणी फिरवणारी ती पांढरी पेटी. पण बेरेकेत अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्यापासून ती पेटलीच नव्हती. सादेत हानमनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तिच्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं ठेवली होती. अंघोळीचं पाणी विजेवर तापायचं, आणि घर आपोआप. जमिनीतून ऊब यायची, भिंती कोमट असायच्या, एरजियस पर्वतावरून वारा कितीही दात विचकत आला तरी नेवझात बे सदऱ्यावर हिंडायचे. ही चोरी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पाहुणा आपल्या पायांनी भिंतीतून आत आला, तर त्याला हाकलायचं कसं?

त्या शनिवारी सकाळी उठून त्यांनी ग्लासात ठेवलेल्या कवळीकडे हात नेला, तर कवळी बर्फात रुतलेली. घरात हसत होती तेवढी ती एकटी.

घर दोन दिवसांपासून गारठत चाललं होतं, पण आता हद्द झाली होती. आणि नेमकी त्याच संध्याकाळी त्यांच्या लेकीला, निलायला, मागणी घालायला ओकतायच्या घरची माणसं यायची होती.

"बाबा, ओकतायची आई कशी आहे ठाऊक आहे ना?" निलाय म्हणाली. अंगात दोन स्वेटर, वर आईची शाल. "मागच्या वर्षी एका मुलीच्या हातची कॉफी घेतली, बोटं गार लागली, तशीच कप ठेवून उठली. ज्या घरात ऊब नाही तिथली सून नको म्हणाली. तरी मला पसंत आहे म्हणून सांगते, एरवी मी सांगितलंही नसतं."

"पसंत कोण? आई?"

"ओकताय हो, बाबा."

नेवझात बेंनी रुमाल उचलला, फुलं बाजूला ठेवली, आणि एखाद्या देशाचा राजा तोफेला बत्ती लावतो तशा थाटात कोम्बीची कळ फिरवली. पेटी गुरगुरली. छोट्या पडद्यावर उमटलं, ई १०.

"बघ," ते म्हणाले, "दहा डिग्री झाली सुद्धा. चढेल आता."

स्टूल ओढून ते समोर बसले. चहा आला, चहा संपला. आकडा जागचा हलला नाही. सादेत हानम मांतीच्या, म्हणजे खिमा भरलेल्या कणकेच्या, इवल्याशा पोटल्या वळता वळता हसत होती. कायसेरीत सुनेची परीक्षा चमच्यात किती मांती मावतात त्यावर होते. आज तिची बोटं थरथरत होती म्हणून त्या आणखीच बारीक निघत होत्या.

"बाबा, ते तापमान नाही," अखेर निलाय म्हणाली. "दोषाचा आकडा आहे. पेटी काहीतरी दुखतंय म्हणून सांगतेय."

"न वापरता दुखतंय?"

"न वापरल्यानंच."

दुपारी तुर्गाय उस्ता, म्हणजे मिस्त्री, आला. हा शहरातल्या निम्म्या कोम्बींचा डॉक्टर, हातात पेचकस आणि तोंडात बडबड अखंड. त्यानं पेटीचं झाकण काढलं आणि आत असा बघत राहिला, की नेवझात बेंना उगीचच लाज वाटली.

"ई दहा म्हणजे पाणी नाही, बे. काटा शून्यावर. बिचारी रोजा धरून बसलीय आणि तुम्ही इफ्तार दिलाच नाही." खालची लहान चावी फिरवून त्यानं पाणी भरलं. काटा चढला, दीडवर आला, त्यानं चावी घट्ट बंद केली. "ही चावी उघडी राहिली तर खालच्याच्या डोक्यावर धबधबा, लक्षात ठेवा."

पेटीत टिकटिक झाली. टिक टिक टिक. मग शांत. पडद्यावर आलं, ई ०१.

"आता हे काय? नवीन दुखणं?"

"जुनंच आहे, आत्ता बोललं. ज्योत पेटत नाही. तुमची शेगडी पेटतेय, म्हणजे गॅस आहे. ठिणगी देणारी सळई गंजून मेलीय. भाग सोमवारी मिळेल."

"सोमवारी? माझ्याकडे संध्याकाळी पाहुणे आहेत, उस्ता."

"तर एक करू, दादा," उस्ता म्हणाला. "बिल्डरनं चारही घरांत एकाच जातीची पेटी बसवलीय. वरच्यांकडून सळई उसनी मागू. एका संध्याकाळचा प्रश्न."

नेवझात बेंना हे पटलं. शिवाय दोन दिवस ऊब का येईना, हाही जाब वरच्यांना विचारायचा होता. म्हणजे जाब असा नव्हे. आडून.

तिसऱ्या मजल्यावर रुही बे राहायचे, शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेले. त्यांनी दार उघडलं तेव्हा अंगात ओव्हरकोट, डोक्यावर केसाळ टोपी, हातात मोजे.

"बरं झालं, मी तुमच्याकडेच निघालो होतो," रुही बे म्हणाले. "नेवझात बे, कोम्बी बिघडली काय तुमची? परवापासून खालून काहीच येत नाहीये."

नेवझात बे उंबऱ्यावर थिजले. "खालून?"

"मग? उष्णता वर चढते. हे मी पोरांना आयुष्यभर शिकवलं. शिकवलेलं स्वतः वापरायचं नाही, तर शिकवायचं कशाला? म्हणून तर वरचा मजला घेतला."

"म्हणजे तुम्ही जाळत नाही?"

"मी?" रुही बे खरोखर दुखावले. "तुम्ही जाळत असताना?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन खिसेकापूंनी एकमेकांच्या खिशात हात घालावा आणि दोन्ही हात रिकामे निघावेत, तसं ते बघणं होतं.

उस्तानं तोवर आत जाऊन रुही बेंची कोम्बी चालू केली होती. तिनं तिसराच आकडा दाखवला. पंख्याला हवा मिळत नव्हती. त्यानं धुराड्याचा पाइप सोडवला, तर आत चिमणीचं घरटं. एक नाही, एकावर एक रचलेली, आजीचं, आईचं, नातीचं. अस्तराला तांबडी लोकर होती, आणि नेवझात बेंनी ती लांबूनच ओळखली. त्यांनी गॅलरीत झटकलेल्या गालिच्याची होती.

"म्हणजे चिमण्यांनासुद्धा माझ्याकडून काहीतरी मिळालं," ते पुटपुटले. सळई मात्र इथलीही गंजलेली.

"मग हा जेवदेत जाळत असणार," रुही बे जिन्यानं उतरता उतरता म्हणाले. "माणूस दिलदार आहे."

पहिल्या मजल्यावरचा जेवदेत पास्तिर्मा विकायचा, मसाला लावून वाळवलेल्या गोमांसाच्या त्या फळ्या, ज्यांच्या वासानं अख्खा जिना ओळखू यायचा. प्रश्न ऐकून त्यानं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"मला वाटायचं, तुम्ही दोघं मिळून जाळता."

"दाखव तुझी कोम्बी," नेवझात बे म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला.

जेवदेतनं नाइलाजानं कपाट उघडलं. आत पास्तिर्माच्या फळ्या टांगलेल्या, एका ओळीत. मागच्या भिंतीवर चार भोकं आणि एक बूच मारलेला पाइप.

"मेव्हण्याला विकली," तो म्हणाला. "नाहीतरी पडूनच होती. जागा छान कोरडी आहे."

उस्ता जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि जे त्याला ओळखतात त्यांना ठाऊक आहे, की असं त्याच्या लग्नातही झालं नव्हतं.

"उस्ता, ह्याचा कोड काय?" नेवझात बेंनी विचारलं.

"ह्याला कोड नाही, दादा. कोड दाखवायला निदान पेटी लागते."

चौघांची नजर एकदमच जिन्यावरून खाली गेली. खाली एकच दार उरलं होतं. तळमजल्यावर बेहिजेमावशी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. सांधेदुखीमुळे बारा महिने कोम्बी पूर्ण जोरात लावून, खिडकी किलकिली ठेवून, बिनबाह्यांच्या झग्यात बसणाऱ्या. एका म्हातारीच्या पेटीवर चार मजले उन्हाळा भोगतील, हे शास्त्रात बसत नाही, असं उस्ता अजूनही शपथेवर सांगतो. पण बेरेकेत अपार्टमेंटमध्ये शास्त्राला कुणी विचारलं नव्हतं.

नेवझात बेंना मात्र वेगळंच काहीतरी आठवलं. आजच्या मागणीला त्यांनी रुही बेंना बोलावलं होतं. जेवदेतला बोलावलं होतं. बेहिजेमावशींना नाही. त्यांच्या जिभेला झाकण नाही, पाहुण्यांसमोर काहीतरी बोलून बसतील, म्हणून. सादेत हानम बोलली होती, "म्हातारी आहे, वाईट दिसेल." त्यावर ते म्हणाले होते, "तिचा आपला काय संबंध?"

त्यांनी घंटा वाजवली.

मावशींनी दार उघडलं. अंगावर कोट, कोटावर शाल, हातात चहाचा पेला. घर गार, रेडिएटर गार.

"या," त्या म्हणाल्या. "उशीर केलात. मला वाटलं कालच याल."

उस्ता सरळ कोम्बीपाशी गेला. पडदा कोरा होता. त्यानं कळ फिरवली. टिक, आणि पहिल्याच फटक्यात निळी ज्योत भप्पकन उभी राहिली. काटा बरोबर दीडवर.

"मावशी, हिला तर काही झालेलं नाही."

"मी कुठं म्हटलं झालंय? मी बंद केली होती."

नळातून थेंब पडला, तो चौघांनी ऐकला.

"परवा निलायसाठी मिठाईचे डबे माझ्या दारावरून वर गेले," मावशी म्हणाल्या. "ह्यांना आमंत्रण, त्यांना आमंत्रण. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. दारात बसून राहिले. मग म्हटलं, इथली कळ फिरवून बघू, वर कुठकुठला कोड दिसतो."

"तुम्हाला ठाऊक होतं?" नेवझात बेंनी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यात आठवडाभर अंकाराला इस्पितळात होते. परत आले तर अख्ख्या इमारतीला पडसं. मला एकटीला नाही. ऐंशी वर्षांची असले म्हणून काय एवढं कळत नाही होय, बाळा?"

नेवझात बेंना बसायला खुर्ची लागली. इतकी वर्षं मधला मजला, मधला मजला म्हणून मिशीवर ताव दिला, आणि ते दोन रजयांमधलं पोर नव्हतेच. सगळे मिळून एका म्हातारीच्या मांडीवर बसले होते.

"मावशी," ते म्हणाले, "माझं चुकलं हे मी पाहुणे गेल्यावर सविस्तर सांगेन. आत्ता एवढंच, कोम्बी चालू ठेवा."

"ठेवते. पण तुझ्या भिंतींपर्यंत ऊब चढायला उद्या उजाडेल. हो ना रे, उस्ता?"

उस्तानं मान हलवली.

"मग?" नेवझात बेंनी असहायपणे विचारलं.

"मग काय, माझ्याकडे बसवा. खुर्च्या वरून आणा. आणि मी कोपऱ्यात बसणार नाही, सांगून ठेवते."

संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा तळमजल्यावर अशी ऊब होती, की ओकतायच्या आईनं दारातच कोट उतरवला आणि रेडिएटरजवळची जागा धरली. निलायनं कॉफी आणली. रिवाजाप्रमाणे ओकतायच्या कपात साखरेऐवजी मीठ होतं, आणि तो तोंड वाकडं न करता पीत होता. त्याच्या आईनं कप घेताना मुलीची बोटं मुद्दाम धरून पाहिली, आणि सोडली नाहीत. सादेत हानमनं डोळे टिपले. नेवझात बेंनी दोन दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

ओकतायचे वडील हिल्मी बे घसा खाकरून उठले. सगळ्यात उंच खुर्चीवर बेहिजेमावशी बसल्या होत्या, म्हणून साहजिकच ते त्यांच्याकडे वळले.

"अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं, तुमची निलाय आमच्या ओकतायसाठी मागायला आलो आहोत."

मावशींनी नेवझात बेंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"एक विचारते," मावशी म्हणाल्या. "तुमच्या घरी कोम्बी पेटते का?"

नेवझात बेंनी खुर्चीचे हात गच्च धरले. झाकण उडालं होतं.

हिल्मी बे मात्र खुलले. "आम्हाला गरजच नाही, हानम," ते अभिमानानं म्हणाले. "मी घर बघूनच घेतलंय. मधला मजला. वरचा जाळतो, खालचा जाळतो. माझ्या पेटीला मी आजवर हात लावलेला नाही."

जेवदेतला ठसका लागला. रुही बे छताकडे बघू लागले. निलायचा चेहरा पांढरा झाला.

"मग देता येणार नाही," मावशी शांतपणे म्हणाल्या. "मुलगी गारठेल."

"गारठणार नाही, आजी." ओकतायनं रिकामा कप खाली ठेवला. मिठानं आवाज खरखरीत झाला होता. "पेटते आमची कोम्बी. बाबा चहाखान्यात गेले की मी चालू करतो, परत यायच्या आत बंद करतो. वर रुमाल आहे, तो नीट पुन्हा घालून ठेवतो. आईला माहीत आहे. खालच्या घरात सहा वर्षांत कुणी राहिलेलंच नाही."

हिल्मी बे लेकाकडे वळले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती रेडिएटरकडे बघत होती.

"दिली," बेहिजेमावशी म्हणाल्या. "सुखात राहा."

टाळ्या झाल्या, वडीलधाऱ्यांच्या हातांची चुंबनं झाली, मिठाईचे डबे उघडले. हिल्मी बे तेवढे उभेच होते, हात अर्धवट वर, जणू कुणीतरी खालची जमीन काढून घेतली होती. त्या चेहऱ्याची नेवझात बेंना दुपारपासून चांगली ओळख होती. ते उठले, व्याह्याला हळूच खांद्याला धरून खाली बसवलं, आणि त्यांची खुर्ची रेडिएटरजवळ सरकवली.